लेदर सीट धुताना आपण चामडं धुतच नसतो

मागच्या महिन्यात माझ्या गाड्या साफ करायच्या दुकानात मारेगावकडचे एक काका आले, कापसाचा व्यापार आहे त्यांचा, एसयूव्ही नागपूरहून सेकंडहँड घेतलेली, आत बिस्किट कलरच्या लेदर सीटा. ड्रायव्हर सीटची उजवी कड, म्हणजे दार उघडून आपण जिथून घासत आत सरकतो ना ती, पार काळी पडून चकाकत होती. काका म्हणाले, "पाय ना भाऊ, बाकी गाडी टकाटक हाय, एवढं कातडंच मेलं हाय. घरी खोबरेल तेल चोळलं महिनाभर, तरी काई जित्तं नाई झालं."

मी टॉर्च आडवा धरून दाखवला त्यांना. कड मेलेली नव्हती, मळलेली होती. घाम, अंगाचं तेल, आपल्या वणी भागातली कोळशाची बारीक धूळ आणि त्यावर महिनाभराचं खोबरेल, असा सगळा लेप बसला होता. ती जी चकाकी दिसते ना तिला लोक पॉलिश समजतात, पण कारखान्यातून आलेली लेदर सीट बहुतेक मॅटच राहते, म्हणजे चमक नसलेली. चमकायला लागली की समजायचं मळ बसला.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि हीच एक समजली की बाकी सगळं आपोआप समजते. काही महागड्या गाड्या सोडल्या तर लेदर सीटवर तुम्ही हात फिरवता तेव्हा हात चामड्याला लागतच नाही. चामड्यावर रंग मारलेला असतो आणि त्या रंगावर पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा एक पारदर्शक थर असतो. हात लागतो तो या थराला. हे सगळे थर मिळून जाडी केवढी, तर साधारण आपल्या डोक्याच्या एका केसाएवढी. चामडं त्याच्या खाली आहे, एक-सव्वा मिलिमीटरचं. आपण धुतो, घासतो, तेल लावतो, ते सगळं त्या केसभर जाडीच्या थरावर.

घराचंच उदाहरण घ्या. गावातली जुनी मातीची भिंत शेणानं सारवलेली राहते, तिच्यावर पाणी टाकलं की पिऊन घेते, ती दरवर्षी सारवावी लागते नाहीतर पोपडे निघतात. आणि त्याच घरात पुढच्या खोलीला ऑइलपेंट मारलेला असतो, त्यावर पाणी टाकलं तर खाली ओघळून जाते. ऑइलपेंटवर शेण सारवून भिंत मजबूत होणार आहे का? तेच सीटवर तेल चोळण्याचं आहे. तेल आत जातच नाही, वर बसते, धूळ धरते, चिकट होते, आणि थोडंफार जे जाते ते शिलाईच्या छिद्रातून, मग आतल्या फोमला वास आणते.

मग लोक विचारतात की चामड्याला तेल लावायची पद्धत तर आपली जुनीच आहे, ती चुकीची कशी. चुकीची नाहीच. माझे आबाजी पोळ्याच्या आठ दिवस आधी बैलाच्या गळ्यातले घुंगराचे पट्टे काढायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, सावलीत वाळवायचे आणि जवसाचं नाहीतर एरंडीचं तेल बोटानं घोळून घोळून लावायचे, आणि ते पट्टे तीस तीस वर्षं चालले, एक आजही आमच्या घरी खुंटीला आहे. पण ते चामडं बाभळीच्या सालीत कमावलेलं होतं आणि त्यावर कोणताच रंगाचा थर नव्हता. ते सारवलेल्या भिंतीसारखं होतं, तेल पिणारं. आजच्या गाडीतलं चामडं क्रोमियमच्या क्षारानं किंवा दुसऱ्या केमिकलनं कमावतात, कमावतानाच त्याच्या तंतूंमध्ये तेल भरतात म्हणजे ते नरम राहते, आणि मग वरून रंग मारून बंद करून टाकतात. त्याला जेवायला घालायची गरज नाही, त्याचं तोंडच बंद आहे. त्याला फक्त वरचा थर वाचवून हवा आहे, कारण थर गेला की मग घाम, पाणी, तेल सगळं आत जाते आणि चामडं कडक होऊन तडकते.

आधी एक पाहून घ्या की तुमच्याकडे लेदर आहे का. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत लेदरेट राहते, म्हणजे कापडावर पीव्हीसीचा किंवा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, थर, त्यात चामडं काहीच नाही. आणि ज्या गाडीला लेदर सीट म्हणून विकतात तिच्यात पण बऱ्याचदा जिथे अंग टेकते तेवढाच मधला भाग लेदरचा आणि बाजू, पाठ, दाराची पॅड सगळं रेक्झिनसारखं. गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं राहते ते वाचा. डोळ्यानं पाहायचं तर लेदरची नक्षी सगळीकडे अगदी एकसारखी नसते, बोटानं दाबलं तर बारीक सुरकुत्या पसरतात, पण कारखान्यात साचा दाबून नक्षी उठवतात तेव्हा यात फसायला होते. वासावर तर जाऊच नका, वास बाटलीत मिळतो. आणि काडी लावून पाहायचा जो प्रकार लोक करतात तो कृपा करून करू नका, एकानं करून सीटला भोक पाडून आणलं होतं माझ्याकडे. साफ करायची पद्धत दोन्हीची जवळपास एकच आहे म्हणून एवढं डोकं खपवायची गरज पण नाही.

एक थेंब पाण्याची टेस्ट मात्र नक्की करा. सीटच्या मागच्या बाजूला कुठेतरी न दिसणाऱ्या जागी एक थेंब ठेवा आणि मिनिटभर थांबा. थेंब तसाच बसून राहिला तर थर चांगला आहे, पुढे वाचा. थेंब शोषला गेला आणि जागा काळपट झाली तर एकतर थर गेलेला आहे किंवा ते महागड्या गाडीतलं बिनथराचं चामडं आहे, त्याला घरी हात लावू नका.

आता साबणाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त सीटा मी साबणानं गेलेल्या पाहिल्या आहेत. चामडं स्वभावानं आंबट असते. आंबटपणा मोजायची पट्टी असते, पीएच म्हणतात, 7 म्हणजे मधलं, त्याच्या खाली आंबट आणि वर खारं, म्हणजे मिठासारखं नाही, सोड्यासारखं अल्कधर्मी. चामडं साडेतीन ते पाचच्या आसपास, आणि कपडे धुवायची पावडर दहाच्या आसपास. पट्टीवर एक आकडा सरकला की दहापट फरक पडते, म्हणजे पाचवरून दहावर गेलं तर किती फरक होते तुम्हीच हिशोब लावा. एवढं खारं पाणी शिलाईतून, छिद्रातून, तडेतून आत गेलं की चामड्याचे तंतू फुगतात, कमावताना जे आत बसवलं होतं ते ढिलं होते, आत भरलेलं तेल निघून जाते, आणि वाळल्यावर ते खाकऱ्यासारखं कडक होते. हे एका धुण्यात दिसत नाही, म्हणून लोक म्हणतात मी तर दोन वर्षांपासून पावडरनंच धुतो, काही झालं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात दिसते.

बाजारात पन्नास प्रकारचे क्लीनर मिळतात आणि बाटलीवर पीएच लिहिलेलाच नसते, मग ओळखायचं कसं? हळद. लग्नसराईत तुम्ही पाहिलं असेल, पांढऱ्या शर्टवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होते. हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा रंग येते तेच हे. हळदीतला पिवळा रंग खारं लागलं की लाल होते. तर चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासा, वाळू द्या, आणि त्यावर तुमच्या क्लीनरचा, जेवढं पाणी घालून वापरणार तेवढंच घालून, एक थेंब टाका. लाल झालं तर ते सीटवर वापरायचं नाही, मग बाटलीवर काही का लिहिलं असेना. पिवळंच राहिलं तर निदान खारं तरी नाही एवढं कळते. मी नवीन माल घेतला की अजूनही हेच करतो, दुकानात कागदाच्या पट्ट्या करून ठेवल्या आहेत. आणि हळद निघालीच आहे तर सांगतो, नवरदेवाच्या गाडीत सीटला हळद लागली तर साबण घासत बसू नका, ओल्या फडक्यानं वरची हळद उचलून घ्या, आणि जो पिवळा डाग राहील तो दोन-चार दिवस उजेडात राहिला की बराचसा आपोआप फिका पडते, हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही.

धुवायचं कसं. पहिले गाडी सावलीत घ्या, दारं उघडी टाका, अर्धा तास जाऊ द्या. आपल्याकडे मे महिन्यात सीटला हात लावला तर पोळते, अशा सीटवर क्लीनर टाकलं की ते पुसायच्या आतच वाळते आणि पांढरे डाग धरते. मग व्हॅक्यूम, आणि हे कंटाळा न करता. काळ्या मातीची धूळ शिलाईच्या खाचेत जाऊन बसते, कोळशाची धूळ आणखी बारीक, कापसाच्या दिवसात रुईचे तंतू. ही धूळ न काढता ओला ब्रश फिरवला म्हणजे तुम्ही सीटला कानशीच मारली. सीटखाली व्हॅक्यूमचा पाइप घालताना पिवळ्या रंगाचे वायरचे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे असतात, त्यांना ओढायचं नाही, खाली पाणी पण जाऊ द्यायचं नाही.

क्लीनर सीटवर मारू नका, ब्रशवर मारा. ब्रश घोड्याच्या केसाचा किंवा तेवढाच नरम, काथ्याचा नाही, कपड्याचा नाही. काही नसेल तर लहान लेकरांचा नरम दात घासायचा ब्रश चालते, वेळ लागेल एवढंच. एका वेळी वीतभर बाय वीतभर जागा घ्या. दाबायचं नाही, नुसता फेस हलवायचा गोल गोल, वजन ब्रशचंच राहू द्यायचं. दहा-पंधरा फेऱ्यांत पांढरा फेस चहासारखा होते, तेव्हा थांबा आणि फेस वाळायच्या आत मायक्रोफायबरच्या कपड्यानं उचलून घ्या. उचलून हा शब्द मुद्दाम वापरतो, रगडून पुसलं तर तोच मळ परत खाचेत जाते. कपड्याची घडी दरवेळी पलटवा. मग दुसरा कपडा साध्या पाण्यात भिजवून कच्चून पिळलेला, त्यानं एकदा, आणि तिसऱ्या कोरड्या कपड्यानं एकदा. पाणी बोअरचं नको, आपल्या बोअरला क्षार आहेत, वाळल्यावर पांढरी साय दिसते. वीस लिटरच्या आरओच्या कॅनचं पाणी घ्या, पूर्ण गाडीला दोन लिटर पण लागत नाही.

काकांच्या त्या काळ्या कडेला मी चार वेळा हे केलं. पहिल्या वेळी कपड्यावर नुसतं तेल आलं, खोबऱ्याचा वास येत होता. दुसऱ्या वेळी काळं, तिसऱ्या वेळी चहा, चौथ्या वेळी कपडा जवळपास स्वच्छ. एकाच वेळी जोर लावून काढलं असतं तर मळासोबत रंग पण आला असता. कपड्यावर सीटचाच रंग यायला लागला तर तिथल्या तिथे थांबायचं हे लक्षात ठेवा, मग मळ राहिला तरी चालते.

छिद्रवाल्या सीटा असतील, खालून थंड हवा येणाऱ्या, तर ओलं फारच कमी. घट्ट फेस घ्या, पातळ पाणी नको, नाहीतर छिद्रातून खाली फोममध्ये आणि पंख्यात जाते.

काही गोष्टी सीटच्या जवळ पण आणू नका. पहिली सॅनिटायझर. 2020 मध्ये सगळ्यांनी स्टेअरिंगवर फवारे मारले आणि वर्षभरात स्टेअरिंग चिकट झाले, सोलले, माझ्याकडे लाइन लागली होती. त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल राहते आणि ते वरचा थर नरम करते. हाताला लावलं तर पूर्ण वाळू द्या मग स्टेअरिंग धरा. दुसरी डासाचं मलम. ज्यात डीट नावाचं औषध असते ते प्लास्टिक आणि असे थर विरघळवते, रात्री ओलिताला जाताना हातापायाला लावून लोक गाडीत बसतात आणि आर्मरेस्टवर कोपराचा ठसा उमटते, तो ठसा निघत नाही, कारण तो डाग नाही, तिथला थरच गेलेला आहे. तिसरी टूथपेस्ट, पेनाची शाई काढायला लावतात, पेस्टमध्ये घासणारी पावडर राहते.

चौथी तो पांढरा जादूचा स्पंज. या स्पंजनं मी माझ्या हातानं सीटचं नुकसान केलं आहे म्हणून सांगतो. धंद्यात नवीन होतो, एका ताईंच्या गाडीत क्रीम कलरच्या सीटवर जीन्सचा निळा रंग उतरला होता, मी स्पंज फिरवला, निळा एका मिनिटात गायब, मी खूश. दोन महिन्यांनी त्याच जागी पहिल्यापेक्षा डबल निळं आलं आणि आता ते निघेना. तो स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपर आहे, त्यानं निळ्यासोबत वरचा थर पण खाऊन टाकला, आणि उघडा पडलेला रंग जीन्सची शाई पिऊन बसला. मी माझ्या खर्चानं ते पॅनेल रंगवून दिलं. तेव्हापासून स्पंज दुकानात नाही.

आणि पाचवी, जिचा मला खरंच राग येते, ती चकाकी देणारी सिलिकॉनची पॉलिश. वॉशिंग सेंटरवर धुतल्यावर डॅशबोर्डला मारतात तीच सीटला मारतात, गिऱ्हाइकाला चमक दिसली की पैसे वसूल वाटते. सीट घसरडी होते, धूळ धरते, आणि उद्या कधी सीट रंगवायची वेळ आली तर सिलिकॉनवर रंग बसत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल फुटतात. स्टेअरिंगला आणि पायातल्या पेडलला लावणं तर सरळ जिवाशी खेळ आहे.

उन्हाचं पण समजून घ्या. पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा घालून केलेली असते, ती उन्हातले अतिनील किरण बहुतेक अडवते. बाजूच्या काचा साध्या टफन, म्हणजे एकेरी कडक केलेल्या, त्यातून बरेचसे किरण आत येतात, म्हणून सीटचा दाराकडचा भाग आधी फिका पडते. आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद गाडी उन्हात उभी राहिली तर डॅशबोर्ड सत्तर अंशांवर सहज जाते, चामड्यातला ओलावा उडते, चामडं आकसते. यावर कोणती क्रीम इलाज नाही. निंबाची सावली, पुढच्या काचेला सनशेड, बाजूला जुनी सुती चादर अडकवा, एवढा स्वस्त आणि एवढा कामाचा उपाय दुसरा नाही.

आता प्रोटेक्शन. दुकानात दोन प्रकार मिळतात. एक कंडिशनर, म्हणजे क्रीम. थर चांगला असेल तर क्रीम आत जात नाही हे वर सांगितलंच, त्यानं हात मऊ लागते, घासण कमी होते, किरकिर आवाज बंद होते, एवढा फायदा खरा आहे. लावायचं तर अगदी थोडं आणि दहा मिनिटांनी पुसून टाकायचं. दुसरा प्रकार कोटिंग, पॉलिमरचं किंवा सिरॅमिक म्हणतात ते. हे कारखान्याच्या थरावर आणखी एक बळीचा थर चढवते, म्हणजे जीन्सचा रंग, घाम, घासण आधी याच्यावर येते आणि हा झिजून जाते, खालचा वाचते. पाच वर्षांची गॅरंटी कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ड्रायव्हर सीटची कड दिवसातून दहा वेळा घासली जाते, तिथे काही महिन्यांनी परत लावावंच लागते. सीट पूर्ण स्वच्छ आणि कोरडी पाहिजे, मळावर लावलं तर मळच पॅक होते. पातळ हात मारायचा, जास्तीचं पुसायचं, आणि बाटलीवर जेवढे तास सांगितले तेवढे, सहसा रात्रभर, त्यावर बसायचं नाही. माझं मत विचाराल तर कोटिंगचा सगळ्यात चांगला दिवस म्हणजे गाडी शोरूममधून घरी आली तो दिवस, तेव्हा साफ करायला काहीच नसते.

पण आपल्याकडे त्या दिवशी काय होते, शोरूमचं प्लास्टिक वर्षभर तसंच ठेवतात, नाहीतर त्याच लेदरवर रेक्झिनचं कव्हर चढवतात. प्लास्टिकखाली घामाची वाफ अडकते. कव्हरखाली धूळ शिरते आणि कव्हर हलते तशी घासत राहते. सीटच्या बाजूतून एअरबॅग उघडते अशा गाडीत तर साध्या कव्हरनं ती अडू शकते, हे मला सगळ्यात गंभीर वाटते. आणि पावसाळ्यात चिखलाचे पाय, ओली मॅट, बंद गाडी, पंधरा दिवसांनी कव्हर उचललं की खाली पांढरी बुरशी. बुरशी दिसली तर गाडी बाहेर काढून दारं उघडून, तोंडाला रुमाल बांधून आधी कोरड्या नरम कपड्यानं बाहेर झटका, मग वर सांगितल्यासारखं दोनदा धुवा, आणि मॅटखालचं कारपेट चाचपून पाहा. ते ओलं असेल तर बुरशी परत येणारच, मूळ तिथे आहे.

किती वेळा करायचं? आपल्या धुळीत ड्रायव्हर सीट आणि स्टेअरिंग दर पंधरा दिवसांनी पिळलेल्या ओल्या कपड्यानं, पाच मिनिटांचं काम. पूर्ण धुणं तीन-चार महिन्यांतून एकदा, म्हणजे उन्हाळ्याआधी, पावसाळा संपला की, आणि कापसाची धामधूम ओसरली की.

जिथे थर खरंच गेला आहे, तडा पडला आहे, तिथे धुवून काही परत येत नाही हे पण स्पष्ट सांगतो. तिथे फिलर भरून, रंग जुळवून, फवारून, वरून परत पारदर्शक थर द्यावा लागते, आणि ते हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

काकांच्या सीटला त्याची गरज पडली नाही, कडेला बोटभर दोन जागी रंग उडाला होता तेवढाच भरला. संध्याकाळी न्यायला आले तर दार उघडून बराच वेळ पाहत उभे. "भाऊ, चमक तर गेली." मी त्यांचा हात धरून आधी मागच्या सीटवर ठेवला, जिथे कोणी फारसं बसतच नाही, आणि मग पुढच्या कडेवर. दोन्ही सारखंच लागलं, कोरडं, मऊ, चिकट काहीच नाही. काकांनी परत एकदा मागे हात लावून पाहिला, परत पुढे, आणि धोतराच्या सोग्याला हात पुसून मगच आत बसले.